मेंदूतील लिम्फोमाची पुनरावृत्ती : जनुकीय अंग

मेंदू, मज्जारज्जू, त्यांची आवरणे किंवा डोळा यांतच सुरू होणाऱ्या आणि निदानाच्या वेळी शरीरात इतरत्र न सापडणाऱ्या लिम्फोमाला, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींच्या कर्करोगाला, मध्यवर्ती चेतासंस्थेचा प्राथमिक लिम्फोमा म्हणतात. सुमारे ९० टक्के रुग्णांत तो मोठ्या आकाराच्या बी-पेशींचा, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या लिम्फोसाइटांचा, असतो. मेथोट्रेक्सेट या कर्करोगावरील औषधाच्या मोठ्या मात्रेने गाठ अनेकदा दिसेनाशी होते. तरीही बऱ्याच रुग्णांत आजार उलटतो, आणि तो बहुधा मेंदूतच, कित्येकदा पहिल्या जागेपासून दूर, उद्भवतो.

जनुकीय म्हणजे आनुवंशिक नव्हे, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. रुग्णाच्या मुलाबाळांच्या मनात ती भीती असतेच. इथले बदल आयुष्यात केव्हातरी एखाद्या बी-पेशीत घडलेले असतात. अंडपेशी वा शुक्रपेशींत ते नसल्याने पुढच्या पिढीत जात नाहीत.

सर्वांत ठळक बदल एमवायडी८८ या जनुकात आढळतो. त्याच्या प्रथिनातील २६५व्या जागी ल्युसीनऐवजी प्रोलीन येते. निम्म्याहून अधिक रुग्णांत दिसणारा हा बदल लिम्फोमाच्या संदर्भात २०११ मध्ये प्रकाशात आला. त्याच्या जोडीला पुष्कळदा सीडी७९बी या, बी-पेशीच्या पृष्ठभागावरील संकेत टिपणाऱ्या ग्राहीचा भाग घडवणाऱ्या, जनुकातही बिघाड असतो. दोन्हींमुळे एनएफ-कॅपाबी हा संकेतमार्ग सतत चालू राहतो आणि पेशी मरत नाही. याखेरीज ९व्या गुणसूत्रावरील सीडीकेएन२ए हे विभाजनाला आवर घालणारे जनुक नाहीसे होते, तर ६व्या गुणसूत्रावरील, पेशीची ओळख प्रतिकारशक्तीला पटवणारी एचएलए जनुके गमावल्याने पेशी प्रतिकारशक्तीच्या नजरेतून सुटते. प्रतिपिंडे अधिक नेमकी करण्यासाठी बी-पेशी स्वतःच आपल्या डीएनएत बदल करते. तीच यंत्रणा भरकटून पिम१, बीटीजी१ अशा भलत्याच जनुकांवर घाव घालते. एपस्टाइन-बार विषाणूशी निगडित, प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांतला प्रकार मात्र वेगळा: त्यात एमवायडी८८ आणि सीडी७९बी सहसा शाबूत असतात.

पुनरावृत्तीचा खरा उलगडा दोन्ही वेळच्या गाठी शेजारी ठेवून तपासल्यावर होतो. प्रत्येक बी-पेशीतील प्रतिपिंड-जनुकांची जुळणी वेगळी असते, त्यामुळे तिचा वंश ओळखता येतो. पहिल्या आणि परतलेल्या गाठीत ही जुळणी सामान्यतः एकच असते, म्हणजे आजार नवा नसतो. पण उरलेले सगळे बदल जुळतातच असे नाही. काही दोन्हींत असतात, काही फक्त पहिलीत, काही फक्त दुसरीत. पहिलीतले काही बदल दुसरीत नसणे ही बाब सर्वांत महत्त्वाची, कारण त्यावरून दुसरी गाठ पहिलीच्या अखेरच्या पेशींतून नव्हे, तर दोघींच्या सामाईक पूर्वज पेशीतून फुटलेली वेगळी शाखा ठरते. काही रुग्णांच्या रक्तात वा अस्थिमज्जेत त्याच वंशाच्या पेशी सापडल्या आहेत, स्कॅनमध्ये तिथे काहीही दिसत नसताना. म्हणजेच मेंदूतली गाठ विरघळली तरी पूर्वज पेशी अशा ठिकाणी शिल्लक राहू शकते.

उपचारांची दिशाही याच बदलांनी बदलली. इब्रुटिनिब हे औषध ग्राहीखालच्या बीटीके या विकराला रोखते, आणि परतलेल्या आजारात निम्म्याहून अधिक रुग्णांत गाठ आकसते. मात्र परिणाम अनेकदा काही महिनेच टिकतो. कार्ड११ या जनुकात बदल असल्यास औषध निष्प्रभ ठरू शकते, कारण ते प्रथिन संकेतमार्गात बीटीकेच्या पुढच्या टप्प्यावर असते.

मेंदूतून दुसऱ्यांदा तुकडा काढणे जोखमीचे असल्याने पाठीतून काढलेल्या मस्तिष्कमेरुद्रवातील डीएनएत एमवायडी८८ चा बदल शोधतात. तो सापडला तर संशयाला मोठा आधार मिळतो. न सापडल्याने मात्र पुनरावृत्ती नाही असे म्हणता येत नाही.