हँड थेरपी (नाशिक परिसर)

हँड थेरपी म्हणजे बोटांपासून खांद्यापर्यंतच्या हाताला मार लागल्यावर, ऑपरेशन झाल्यावर किंवा पॅरालिसिसनंतर तो हात परत कामाला लावायची ट्रीटमेंट. ती देतात हाताच्या कामात मुरलेले फिजिओथेरपिस्ट नाहीतर ऑक्युपेशनल थेरपिस्ट (पेशंटला रोजची कामं परत जमावीत यावर काम करणारे). नुसत्या मनगट-पंजातच 27 हाडं, त्यावरून सरकणारे टेंडन (स्नायूची ओढ हाडापर्यंत नेणारे दोर), मधून जाणाऱ्या नसा (मज्जातंतू), आणि सगळं इतकं दाटीवाटीचं की दुखणं एका बोटाचं असलं तरी बाकीची न हलवता ठेवली की तीही आखडून बसतात.

भारतात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण 1950 साली मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये सुरू झालं, कमला निंबकरांच्या पुढाकाराने. साधारण त्याच काळात वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोगाने वाकडी झालेली बोटं टेंडन ट्रान्सफर करून (चालणारं टेंडन दुसऱ्या जागी जोडून) सरळ करत होते, आणि त्यात ऑपरेशनइतकंच महत्त्व नंतरच्या व्यायामाला होतं. नाशिकपुरतं सांगायचं तर आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय 1998 पासून इथेच, त्यामुळे फिजिओथेरपी हा शब्द गावाला नवा नाही. हातावरच काम करणारी छोटी क्लिनिकं मात्र मोजकीच असतात.

अशा क्लिनिकमध्ये एखादं-दोन टेबलं, एकच थेरपिस्ट आणि गरम पाण्याचा ट्रे एवढाच पसारा. पहिली व्हिजिट लांबते कारण आधी विचारलं जातं की तुम्ही काम काय करता. यात खरं सगळं आलं. सातपूर-अंबडच्या कारखान्यात प्रेस शॉपमधल्या (पत्रा दाबून पार्ट बनवणाऱ्या) कामगाराला जोरात पकडता येणं आणि हातमोज्यातून बोटाला जाणवणं दोन्ही हवं, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीला दिवसभर सिकेटर (छाटणीची कात्री) दाबायचं म्हणजे अंगठ्याच्या बुडाला आणि मनगटाला दम हवा, विरळणीला (घडातले मणी कमी करायला) मात्र ताकद नको, बारीक चिमूट हवी, आणि येवल्याच्या पैठणी विणकराला तर रेशमाचा धागा जाणवलाच नाही तर बोट सरळ होऊन उपयोग काय. फ्रॅक्चर तेच, एक्स-रे तसाच, पण व्यायाम तिघांचे वेगळे. मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत एवढं विचारायला वेळ नसतो, दोष कुणाचाच नाही.

मोजमाप साधंच: गोनिओमीटरने सांधा किती वाकतो, डायनॅमोमीटरने पकड किती, तीही दुसऱ्या हाताशी ताडून. मग स्प्लिंट, म्हणजे हात ठरलेल्या स्थितीत धरून ठेवणारा आधार. थर्मोप्लास्टिकचा पत्रा साधारण 65 ते 75 अंश गरम पाण्यात मऊ करायचा, जरा निवला की थेट पेशंटच्या हातावर बसवायचा, काही मिनिटांत तो कडक होतो. मेडिकलमधला तयार पट्टा स्वस्त पडतो पण सुजलेल्या, टाके असलेल्या हाताला तो क्वचितच नीट बसतो.

सगळ्यात नाजूक मामला तळहाताकडच्या टेंडनचा, म्हणजे काच किंवा पातं लागून बोट वाकवणारं टेंडन तुटलं आणि सर्जनने जोडलं तर. हलवलं नाही तर ते आजूबाजूला चिकटतं, जास्त हलवलं तर तुटतं, म्हणून बऱ्याचदा ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यातच, स्प्लिंटच्या आत, ठरवून दिलेली हालचाल चालू होते. स्प्लिंट साधारण 6 आठवडे, जड उचलणं साधारण 12 आठवड्यांनंतर. गडबड होते ती मधेच, चौथ्या-पाचव्या आठवड्यात दुखायचं थांबतं, दादा स्प्लिंट काढून गाडीला किक मारायला नाहीतर क्रेट उचलायला जातात आणि टेंडन सुटतं, परत ऑपरेशन. मॅलेट फिंगरमध्येही (बोटाचं टोक खाली लोंबतं तो प्रकार) टोक 6 ते 8 आठवडे सलग सरळ राहायला हवं, एकदा जरी खाली पडलं तरी मोजणी पहिल्यापासून.

ऑपरेशन न झालेले पेशंटही भरपूर. बाळाला सारखं उचलून अंगठ्याच्या बाजूचं मनगट दुखणाऱ्या आया (डी क्वेर्वेन, 1895 मध्ये वर्णन करणाऱ्या स्विस सर्जनच्या नावावरून), मनगटात नस दाबली जाऊन रात्री बोटांना मुंग्या येणारे कार्पल टनेलवाले, शुगरमुळे ट्रिगर फिंगर (वाकवलेलं बोट अडकतं) किंवा फ्रोझन शोल्डर (खांदा आखडतो) झालेले काका-मावशी. मशिनं किती लावली यावर क्लिनिकची परीक्षा करायची आपल्याकडे सवय आहे, पण हात सुधारतो तो घरी दिवसातून चार-सहा वेळा थोडं थोडं केल्याने, आठवड्यातल्या दोन शेकांनी नाही. म्हणून घरचंच सामान वापरतात: कपड्यांचे चिमटे, कणकेचा गोळा, आणि जखमेची जागा हात लावू देत नसेल तर आधी राजगिरा, मग तांदूळ, मग मूग अशा डब्यांत बोटं फिरवायची. निफाडच्या थंडीत सकाळी आधी कोमट पाणी, मगच व्यायाम. सुरगाणा-कळवणहून येणाऱ्याला रोजची एसटी परवडत नाही, त्याला व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवून व्हिजिटा लांब लांब ठेवतात, आणि हे छोट्या क्लिनिकलाच जमतं.

हाडवैद्याचा विषय इथे टाळता येत नाही. मोडलेल्या हाताला घट्ट पट्टी बांधून रक्तपुरवठा तुटला तर कोपर ते मनगट या भागातले स्नायू मरतात, बोटं कायमची आखडतात. याला फोल्कमन कॉन्ट्रॅक्चर म्हणतात आणि पूर्ण झाल्यावर थेरपीने फार थोडं परत मिळतं. पट्टी असो की प्लास्टर, आत दुखणं वाढतच चाललं, बोटं निळी-बधिर पडली किंवा दुसऱ्याने सरळ करताना जीव जायला लागला, तर थेरपिस्टची अपॉइंटमेंट न घेता तडक हॉस्पिटल गाठायचं.

नस जोडलेली असेल तर हिशोब महिन्यांचा. ती दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते, म्हणजे मनगटाशी कापलेल्या नसेची जाणीव बोटाच्या टोकाला पोचायला सहा महिने सहज जातात, आणि फरक दिसत नाही म्हणून सर्वात जास्त लोक याच काळात येणं सोडतात. तेवढ्या दिवसांत तवा, इस्त्री, सायलेन्सर यांपासून बधिर बोटं जपायची, रोज डोळ्यांनी तपासायची, आणि सांधे आखडू नयेत म्हणून दुसऱ्या हाताने हलवत राहायचं.