चेतासंस्थेच्या ऱ्हासजन्य विकारांचे व्यवच्छेदक निदान

मेंदू व मज्जारज्जूतील चेतापेशी हळूहळू मरत जातात अशा विकारांपैकी रुग्णाला नेमका कोणता झाला आहे, हे ठरवण्याची प्रक्रिया. सुरुवातीला हे विकार एकमेकांसारखे दिसतात. लक्षणे कोणत्या क्रमाने आली यावरूनच बरेचसे उलगडते. त्यामुळे घरच्यांनी सांगितलेली हकीकत तपासणीइतकीच मोलाची असते.

नाव देण्याआधी बरे होऊ शकणारे आजार वगळावेत. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडची मंदता, मेंदूच्या पोकळ्यांत साठलेले पाणी, शरीरात तांबे साठवणारा विल्सनचा विकार हे सारे ऱ्हासाचे रूप घेऊन येतात. मनोविकारांवरचे हॅलोपेरिडॉल किंवा उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड यांनीही कंपवातासारखी (पार्किन्सन विकारासारखी) लक्षणे उद्भवतात. यातले काही निसटले, तर रुग्णाचे अकारण आणि कधी कायमचे नुकसान होते.

सर्वाधिक गफलत कंपवाताच्या बाबतीत होते. खरा कंपवात बहुधा एका बाजूने सुरू होतो, हात स्वस्थ असताना थरथरतो आणि लेव्होडोपा या मेंदूतील डोपामाइन वाढवणाऱ्या औषधाने स्पष्ट आराम पडतो. रुग्ण सुरुवातीपासूनच वारंवार तोल जाऊन पडत असेल आणि डोळे वर-खाली वळवणे त्याला जड जात असेल, तर प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लियर पाल्सीचा संशय घ्यावा. हा विकार स्टील, रिचर्डसन व ओल्शेव्स्की यांनी १९६४ मध्ये वर्णिला. उभे राहताच रक्तदाब कोसळणे, लघवीवरचा ताबा लवकर सुटणे आणि लेव्होडोपाचा फारसा उपयोग न होणे ही मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफीची खूण. डोपामाइन स्कॅनने (मेंदूतील डोपामाइन-यंत्रणेच्या चित्रणाने) औषधजन्य कंप वेगळा काढता येतो, पण या तिघांत फरक करता येत नाही.

अल्झायमरमध्ये बहुधा आधी अलीकडच्या घटना विसरल्या जातात. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात स्वभाव किंवा भाषा आधी बिघडते. नसलेली माणसे दिसणे आणि शुद्धीत चढउतार होणे लेवी बॉडी डिमेन्शियाकडे बोट दाखवते. हालचालींतील बिघाडाच्या आधी किंवा वर्षभराच्या आत स्मृतिभ्रंश आला तर हेच नाव देतात. एरवी तो कंपवातातील स्मृतिभ्रंश मानतात.

एकाच हाताचे स्नायू रोडावणे, प्रतिक्षिप्त क्रिया तीव्र होणे आणि संवेदना मात्र शाबूत राहणे यांतून एएलएस (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींचा ऱ्हास) सूचित होतो. मानेत दबलेला मज्जारज्जूही असेच चित्र उभे करू शकतो, म्हणून एमआरआय टाळू नये.

हंटिंग्टनच्या आनुवंशिक विकारात जनुकचाचणी निर्णायक ठरते: जनुकातील सीएजी या तीन अक्षरी क्रमाच्या ४० किंवा अधिक आवृत्त्या. अद्याप निरोगी असलेल्या नातेवाइकांची ही चाचणी समुपदेशनाशिवाय करू नये.