रुतलेले पोकलेन बाहेर निघते कसे : एका कसबाची पार्श्वभूमी

उन्हाळ्यात तलाव आणि धरणांतला गाळ काढण्याची कामे सुरू झाली की गाळात रुतलेले पोकलेन हे दृश्य महाराष्ट्रातल्या गावांना नवे राहिलेले नाही. २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आली आणि ही यंत्रे गावोगावच्या तळ्यांत उतरू लागली. वर ऊन लागून भेगाळलेली पापडी, तिच्याखाली लोण्यासारखा मऊ गाळ आणि त्या पापडीवर विसंबून चार हात पुढे गेलेले वीस टनांचे यंत्र, असा हा प्रसंग असतो. मग ऑपरेटर बकेट एका अंगाला टेकवतो, चेनखाली ओंडके सरकवायला लावतो आणि तासा-दोन तासांच्या खटपटीनंतर, नशीब बरे असेल तर, यंत्र स्वतःच्याच हाताने बाहेर येते. बघणाऱ्याला हा जुगाड वाटतो. पण यंत्राला स्वतःला असे उचलता येणे ही गेल्या साठ-सत्तर वर्षांतलीच गोष्ट आहे, आणि त्याआधीची बरीच वर्षे जमिनीशी चाललेल्या झटापटीत गेली.

यंत्र जड आहे म्हणून रुतते, हे अर्धेच खरे आहे. वीस टनी पोकलेनच्या दोन्ही चेन मिळून सुमारे सव्वाचार चौरस मीटर जागेवर टेकतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण अर्धा किलो भार येतो. चालताना एका पायावर आलेल्या माणसाच्या तळव्याखालचा दाबही जवळपास तेवढाच असतो. तरीही माणूस जिथून सहज चालत जातो तिथे यंत्र बुडते, कारण पावलाखालचा भार वरच्या पापडीतच जिरतो, तर रुंद चेनखालचा भार पापडी ओलांडून खालच्या मऊ थरापर्यंत पोहोचतो. शिवाय अर्ध्या किलोचा हिशेब बूम, म्हणजे बकेट पेलणारा लांब हात, आवरून उभ्या असलेल्या यंत्राचा आहे. बूम लांबवून भरलेली बकेट उचलली की भार चेनच्या पुढच्या टोकाकडे झुकतो आणि तिथला दाब सरासरीच्या कितीतरी वर जातो.

रुतणे एक आणि रुतलेले न निघणे दुसरे. भातलावणीच्या चिखलात पाय अडकला की तो सरळ वर ओढणारा माणूस तिथेच दमतो; टाच हलवून पायाच्या बाजूने हवा आत शिरू दिली की फचकन आवाज होऊन पाय मोकळा होतो. यामागचे शास्त्र १९२० च्या दशकात कार्ल तेरझागी या ऑस्ट्रियन अभियंत्याने मांडले. ओल्या मातीवरचा भार मातीचे कण आणि कणांमधले पाणी यांच्यात वाटला जातो, आणि मातीची ताकद कणांच्या वाट्याला आलेल्या भारावर ठरते, हे त्याच्या मांडणीचे सार होते. चिकणमातीतून पाणी अतिशय सावकाश सरकते. त्यामुळे चिखलाला चिकटलेले यंत्राचे पोट झटक्यात उचलू लागले की खालची पोकळी भरायला पाणीही वेळेवर पोहोचत नाही आणि हवाही नाही, आणि उचलणाऱ्याला यंत्राच्या वजनाखेरीज ते शोषणही ओढावे लागते. आपल्याकडच्या काळ्या मातीच्या गाळात हे विशेष जाणवते, कारण तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि ते सहजी सोडत नाही.

पहिल्या उत्खनन यंत्रांपुढे हा प्रश्न वेगळ्या रूपात आला. विल्यम ओटिस या अमेरिकन तरुणाने १८३० च्या दशकात बनवलेले वाफेचे फावडे रुळांवर चालत असे आणि पुढची जवळजवळ सत्तर वर्षे मोठी यंत्रे रुळांवरच राहिली. रुळांखालचे लाकडी स्लीपर भार पसरवत असल्याने यंत्र बुडत नसे. मात्र जमीनच सरकली तर रूळ वाकत आणि यंत्र जागच्या जागी अडकून पडे. पनामा कालव्याच्या कुलेब्रा खिंडीत नेमके हेच झाले. ऑक्टोबर १९०७ मध्ये मुसळधार पावसानंतर ‘कुकाराचा’ नावाच्या उतारावरची ओली माती खिंडीत उतरू लागली आणि कित्येक दिवस सरकत राहिली. या आणि नंतरच्या दरडींनी रूळ उखडले, वाफेची फावडी गाडली. जवळपास शंभर टनांचे ते धूड मोकळे करायचे, तर भोवतालची माती उपसून, नवे रूळ टाकून त्याला ओढून काढावे लागे. १९१४ मध्ये कालवा खुला झाला, तरी दरडी थांबल्या नव्हत्या.

रुळांवाचून चालणारा पट्टा शेतीतून आला, आणि तोही दलदलीच्या शेतीतून. कॅलिफोर्नियात स्टॉक्टनजवळच्या त्रिभुज प्रदेशातली कुजट, भुसभुशीत जमीन वाफेचे ट्रॅक्टर गिळत असे. बेंजामिन होल्ट याने आधी चाके रुंद करून पाहिली. ती इतकी रुंद झाली की एका ट्रॅक्टरची एकूण रुंदी ४६ फूट भरली. २४ नोव्हेंबर १९०४ रोजी त्याने मागची चाके काढून त्यांच्या जागी लाकडी फळ्यांचे फिरते पट्टे लावलेला ट्रॅक्टर चालवून पाहिला आणि तो बुडाला नाही. आजच्या पोकलेनची चेन ही त्या पट्ट्याचीच पुढची पिढी. मऊ जमिनीवरचा दुसरा तोडगा शिकागोत निघाला. दोराने बकेट ओढणाऱ्या ड्रॅगलाइन यंत्राला १९१३ मध्ये ऑस्कर मार्टिन्सन याने ‘पाय’ दिले : यंत्र एका मोठ्या गोल तबकावर बसे आणि सरकायचे झाले की बाजूच्या दोन लांब पाट्यांवर स्वतःला उचलून एक पाऊल टाके. पसरट बसणे आणि क्वचितच हलणे, हा मला तरी या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणा उपाय वाटतो. पण तो अवाढव्य यंत्रांनाच परवडणारा होता.

या काळातल्या चेनवरच्या यंत्रांची एक उणीव मात्र कायम होती. त्यांचे हात दोरांवर चालत, आणि दोराने ओढता येते, दाबता येत नाही. बकेट स्वतःच्या वजनाने खाली येई. जमिनीवर जोर देऊन यंत्राला वर उचलणे तिला शक्य नव्हते. रुतलेल्या यंत्राला बाहेरून कोणीतरी ओढणे, हाच मार्ग उरे. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक हाताने हे चित्र पालटले. फ्रान्समधल्या पोक्लेन कंपनीने १९५१ मध्ये आपले पहिले हायड्रॉलिक यंत्र आणले, १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमागने चेनवर चालणारे, पूर्ण गोल फिरणारे यंत्र काढले. पुढे लार्सन अँड टुब्रोने पोक्लेनच्या सहकार्याने भारतात ही यंत्रे बनवली आणि फ्रेंच कंपनीचे नाव मराठीत वस्तूचेच नाव होऊन बसले. आता यंत्र जपानी असो वा कोरियन, बांधावरचा माणूस त्याला पोकलेन किंवा पोकलँडच म्हणतो.

या हाताला हलवणारा तेलाचा सिलिंडर ओढतोही आणि दाबतोही, म्हणजे दोन्ही बाजूंनी जोर देतो, आणि आजची सगळी रीत यावर उभी आहे. यंत्र बसू लागले की जाणता ऑपरेटर पहिल्यांदा चेन फिरवणे बंद करतो; फिरणारी चेन चिखल मागे फेकते, खड्डा खोल होतो आणि पोट टेकले की शोषण सुरू होते. मग तो वरचा भाग आडवा वळवून बकेटची पाठ शक्य तितक्या घट्ट जागी, तशी नसेल तर ओंडक्यांच्या थरावर, टेकवतो आणि बूम हळूहळू खाली दाबतो. त्या बाजूची चेन गाळातून वर येते. ती अधांतरी असतानाच सावकाश फिरवून तिच्यातला चिखल झाडला जातो आणि खाली ओंडके, मोठे दगड किंवा लाकडी मॅट सरकवली जाते. बकेट निसटली तर वीस टन खाली येणार, म्हणून त्या वेळी हेल्परने चेनखाली हात घालायचा नसतो. सामान लांबूनच ढकलायचे असते. दुसऱ्या बाजूलाही तसेच केल्यावर बकेटने टेकू देत, चेन अगदी मंद चालवत यंत्र बाहेर काढले जाते.

एवढ्याने निभले नाही तर दुसरे यंत्र आणि जाड वायर रोप. रोप बूमला किंवा बकेटला न बांधता खालच्या चौकटीला, म्हणजे चेन ज्या सांगाड्यावर बसतात त्याला बांधायचा असतो आणि जिथे तो कडेवर घासतो तिथे लाकूड द्यायचे असते. ओढण्यापूर्वी चेनभोवती चर खणतात, पाण्याच्या किंवा हवेच्या नळीने पोटाखालचा चिखल सैल करतात. त्यानंतर हिसका न देता संथ, सलग ओढ द्यायची, कारण पोटाखाली पाणी आणि हवा शिरायला वेळ मिळावा लागतो. तुटलेला रोप चाबकासारखा फिरतो, त्यामुळे बघ्यांना रोपाच्या लांबीपेक्षा दूर ठेवतात. गावात हेच काम सर्वांत अवघड जाते.

जिथे रुतणे टळणारच नाही, तिथे यंत्रालाच तरंगते करण्याची वाट लुइझियानाच्या दलदलीत तेल शोधणाऱ्यांनी १९३० च्या दशकात धरली होती. आज चेनच्या जागी पोकळ पोलादी पाँटून बसवलेली पोकलेन मुंबईच्या मिठी नदीतही गाळ उपसताना दिसतात. गावतळ्यावर तशी यंत्रे क्वचितच येतात. तिथे सकाळी यंत्र उतरवण्यापूर्वी ऑपरेटर काठावर उभा राहून एक लांब बांबू किंवा पहार पापडीत खुपसतो आणि ती किती खाली जाते ते बघतो.