अतिथंड चिपमध्येही नॉइज का उरतो?

सिलिकॉनची चिप निरपेक्ष शून्याजवळ (शक्य असलेल्या सर्वांत कमी तापमानाजवळ) नेली की स्पिन क्यूबिटमधला (इलेक्ट्रॉनच्या स्पिनमध्ये, म्हणजे त्याच्या सूक्ष्म चुंबकत्वात, माहिती साठवणाऱ्या क्वांटम संगणकाच्या घटकातला) सगळा नॉइज, म्हणजे माहिती बिघडवणारी चलबिचल, थांबतो आणि लॉजिक गेट (क्यूबिटवरील मूलभूत क्रिया) बिनचूक चालतात, असे कुणालाही वाटू शकते. ते सहज पटते, कारण त्यात निम्मे तथ्य आहे: थंडीने उष्णतेमुळे होणारी चलबिचल खरोखरच घटते.

मात्र नैसर्गिक सिलिकॉनमधील सुमारे ४.७ टक्के अणू सिलिकॉन-२९ या समस्थानिकाचे (थोड्या वेगळ्या वजनाच्या सिलिकॉनचे) असतात. त्यांच्या केंद्रकालाही स्पिन असतो, आणि त्याची चुंबकीय ऊर्जा इतकी अल्प असते की २० मिलिकेल्विन तापमानातही हे केंद्रकीय स्पिन अस्ताव्यस्तच राहून इलेक्ट्रॉनला जाणवणारे चुंबकीय क्षेत्र हळूहळू बदलत ठेवतात. शिवाय ऑक्साइडच्या थरात अडकलेले विद्युतभार जागा बदलतात. दोन क्यूबिटांचे गेट व्होल्टेजने नियंत्रित होत असल्याने त्याला याचा फटका अधिक बसतो.

पडताळणीसाठी तापमान तेच ठेवून साधी चिप आणि शुद्ध केलेल्या सिलिकॉन-२८ ची (ज्याच्या केंद्रकाला स्पिन नसतो) चिप यांची मोजमापे शेजारी ठेवावीत. दुसरीत क्यूबिटची अवस्था कितीतरी अधिक काळ टिकते. थंडीच पुरेशी असती, तर हा फरक दिसलाच नसता. मग प्रयोगाच्या मध्यावर स्पिन उलटवणारा एक पल्स (क्षणिक सिग्नल) द्यावा. त्याने टिकाव वाढला, तर उरलेला नॉइज बराचसा संथ आहे आणि पल्सच्या नेटक्या आखणीने त्याचा मोठा भाग खोडता येतो.