बचाव प्रशिक्षकाची कारकीर्द (अमेरिकन कॉलेज फुटबॉल)

अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉल संघांत प्रतिस्पर्ध्याची चढाई रोखण्याची योजना आखणारा आणि ती खेळाडूंकडून घोटून घेणारा तो बचाव प्रशिक्षक. हा फुटबॉल कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर रंगणारा नव्हे. इथे चढाईचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे. चेंडूचा ताबा बदलला की अख्खा संच मैदानाबाहेर जातो. म्हणून प्रशिक्षकांचीही वाटणी होते. मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली बचावाचा प्रमुख, म्हणजे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, आणि त्याच्या हाताखाली आघाडीची फळी, तिच्या मागचे लाइनबॅकर आणि त्याहून मागे लांब फेकलेला चेंडू अडवणारे कॉर्नरबॅक व सेफ्टी यांना शिकवणारे सहायक.

सुरुवात बहुधा ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून होते. पदव्युत्तर वर्गात नाव घालायचे, तुटपुंज्या विद्यावेतनावर राहायचे आणि पडेल ते काम करायचे. पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या सामन्यांचे चित्रण पाहून प्रत्येक चाल परिस्थितीनुसार वेगळी काढायची, ती कार्डावर रेखाटायची आणि सरावात राखीव खेळाडूंसमोर ते कार्ड उंच धरायचे. राखीव खेळाडू तशी चढाई करतात आणि शनिवारच्या सामन्यात समोर येणारा खेळ बचावाच्या मुख्य संचाला आठवड्याच्या मधल्या दिवसांतच दिसतो. काम हमालीचे वाटते, पण या पेशातले खरे शिक्षण इथेच होते. तीच चाल पुन्हापुन्हा हाताने काढणाऱ्याला कोणता खेळाडू पाऊल कुठे टाकतो ते पाठ होऊन जाते.

या वाटेवर सगळे ठरवून येतात असे नाही. निक सेबन 1973 मध्ये केंट स्टेट विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक डॉन जेम्स यांचे सहायक झाले, त्याचे एक कारण पत्नीचे शिक्षण संपायला अजून वर्ष बाकी होते. पुढे त्यांनी मुख्य प्रशिक्षक म्हणून सात राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. खेळाडू म्हणून नाव असण्याचीही अट नाही. दुखापतींमुळे महाविद्यालयीन पातळीवर खेळूच न शकलेले डेव्ह अरांडा युटा स्टेट, विस्कॉन्सिन आणि लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटी (एलएसयू) अशा चढत्या पायऱ्यांनी 2020 मध्ये बेलर विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

मात्र पायऱ्या सरळ वर जात नाहीत, आणि ते कर्बी स्मार्ट यांच्या प्रवासात सर्वांत स्पष्ट दिसते. जॉर्जिया विद्यापीठाचे हे माजी सेफ्टी 1999 मध्ये तिथेच कार्यालयीन सहायक होते. 2000 मध्ये जुने सहखेळाडू विल मशॅम्प यांनी त्यांना वाल्डोस्टा स्टेट या दुसऱ्या श्रेणीच्या संघात आणले. पुढच्या वर्षी मशॅम्प एलएसयूला गेले आणि बचावाची सूत्रे पंचविशीतल्या स्मार्ट यांच्याकडे आली. ते पद सोडून 2002 मध्ये त्यांनी फ्लोरिडा स्टेटमध्ये पुन्हा ग्रॅज्युएट असिस्टंट होणे पत्करले, कारण तिथला बचाव नावाजलेले मिकी अँड्र्यूज चालवत होते. मोठ्या संघाच्या खोलीत बसायला मिळावे म्हणून प्रमुखपद सोडून उमेदवारी करणे हा निर्णय सोपा नाही, पण पुढचे सारे त्यातूनच घडले. 2004 मध्ये एलएसयूत सेबन यांच्याकडे, 2005 मध्ये जॉर्जियात चक्क चढाईच्या रनिंग बॅकना, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्यांना, शिकवायला, 2006 मध्ये सेबन यांच्यासोबत व्यावसायिक मायामी डॉल्फिन्समध्ये आणि 2007 मध्ये त्यांच्याच पाठोपाठ अलाबामात. तिथे 2008 ते 2015 ते कोऑर्डिनेटर होते. डिसेंबर 2015 मध्ये जॉर्जियाने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमले आणि 2021 व 2022 च्या हंगामांत त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. दरम्यान फ्लोरिडा आणि साउथ कॅरोलायनाचे मुख्य प्रशिक्षकपद भूषवून मोकळे झालेले मशॅम्प 2021 मध्ये स्मार्ट यांच्याच हाताखाली रुजू झाले.

या क्षेत्रात ओळख म्हणजे नुसता वशिला नव्हे. मुख्य प्रशिक्षकाची गच्छंती झाली की बहुधा त्याच्या सहायकांचेही बस्तान उठते, आणि मग नव्या गावी कोण बोलावतो यावरच चूल पेटते. घरच्यांना दर दोन-तीन वर्षांनी शाळा, घर, शेजार बदलावा लागतो. या कारकिर्दीची ही किंमत विजेतेपदांच्या यादीत कुठे नोंदली जात नाही.

एकाच गावी मुरलेले विरळाच. बड फॉस्टर हे त्यातले. मरे स्टेटमध्ये मुख्य प्रशिक्षक फ्रँक बीमर यांच्या हाताखाली उमेदवारी करून ते 1987 मध्ये त्यांच्यासोबत व्हर्जिनिया टेकला आले आणि 2019 च्या हंगामापर्यंत तिथेच राहिले. 1995 पासून बचावाची सूत्रे त्यांच्याकडे होती. त्याच सुमारास त्यांनी कामगाराचा जुना पत्र्याचा डबा संघाची निशाणी केला. मेहनत दाखवणाऱ्या खेळाडूला तो जवळ बाळगण्याचा मान मिळे. बीमर निवृत्त झाल्यावर नव्या मुख्य प्रशिक्षकाने फॉस्टर यांना कायम ठेवले, हीच त्यांच्या कामाची मोठी पावती. ते स्वतः कधी मुख्य प्रशिक्षक झाले नाहीत. म्हणून त्यांची कारकीर्द अपुरी मानणे चुकीचे ठरेल.

कोऑर्डिनेटरची खरी परीक्षा दोन चालींमधल्या काही सेकंदांत होते. समोर कोणते खेळाडू आले हे पाहून योजना निवडायची आणि मैदानात पोचवायची. पूर्वी हे हातवारे आणि चित्रांचे फलक यांवर चाले. 2024 पासून वरच्या श्रेणीत एका बचावपटूच्या हेल्मेटमध्ये ध्वनियंत्रणेला परवानगी आहे. त्या हेल्मेटवर मागे हिरवा ठिपका असतो. चाल सुरू करण्याच्या घड्याळावर 15 सेकंद उरले की संपर्क तुटतो, पुढचे खेळाडूंनी स्वतः ओळखायचे. हंगामाबाहेर शाळकरी खेळाडूंच्या घरी जाऊन त्यांना विद्यापीठात यायला राजी करणे हाही कामाचाच भाग, आणि अनेकांची बढती त्यावरच ठरते.

सर्वोत्तम सहायकासाठीचा ब्रॉयल्स पुरस्कार 1996 मध्ये सुरू झाला. पहिले मानकरी मिकी अँड्र्यूज. फॉस्टर यांना तो 2006 मध्ये, स्मार्ट यांना 2009 मध्ये मिळाला. पैसाही वाढला. 2018 मध्ये एलएसयूने अरांडा यांच्याशी वर्षाला 25 लाख डॉलरचा करार केला, तेव्हा ती सहायकासाठी डोळे विस्फारणारी रक्कम होती.

मुख्य प्रशिक्षकपदाचे दार सर्वांसाठी सारखे उघडत नाही. ब्रेंट व्हेनाबल्स 1999 पासून ओक्लाहोमा आणि क्लेमसन येथे बचाव सांभाळत होते. त्यांना संधी मिळाली डिसेंबर 2021 मध्ये. कृष्णवर्णीय चार्ली स्ट्राँग यांनी फ्लोरिडाचा बचाव सांभाळताना 2006 आणि 2008 ची विजेतेपदे पाहिली, तरी लुईव्हिल विद्यापीठाने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमले तेव्हा ते 49 वर्षांचे होते. स्मार्ट यांना मुख्य प्रशिक्षकपद 39 व्या वर्षी मिळाले. हा फरक केवळ गुणवत्तेचा नाही, हे नोंदवायलाच हवे.

अलीकडे अॅनालिस्ट, म्हणजे विश्लेषक, ही नवी पायरी वाढली आहे. पदावरून दूर झालेले प्रशिक्षक तिथे राहून पुन्हा संधीची वाट पाहतात. पूर्वी त्यांना मैदानात उतरून खेळाडूंना शिकवण्याची मनाई होती. 2024 मध्ये विद्यापीठांच्या खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने ती उठवली. खेळाडू भरतीसाठी बाहेर पडणाऱ्यांच्या संख्येवरची मर्यादा मात्र कायम राहिली.