कवटीच्या मॉडेलमधली लाल तार: नेण्याआधी वाचा

(आमच्याकडून मॉडेल भाड्याने नेणाऱ्या एमबीबीएस, बीडीएस, नर्सिंग आणि फिजिओच्या विद्यार्थ्यांसाठी)

“फोरामेन लॅसरम बंद आलंय, मॉडेल बदलून द्या,” असा फोन परीक्षा जवळ आली की हमखास येतो. (फोरामेन म्हणजे हाडातलं भोक; लॅसरम हे कवटीच्या तळातलं.) मॉडेल बरोबर आहे. ते राखी रबरी बूच आम्ही मुद्दाम बसवलंय. कोरड्या कवटीत तिथे वेडंवाकडं भोक दिसतं, कारण हाड साफ करताना तिथली कूर्चा (कार्टिलेज) निघून जाते. जिवंत माणसात ती असतेच. काही बारीक शिरा सोडल्या तर तिच्यातून आरपार काही जात नाही आणि मेंदूला रक्त नेणारी इंटर्नल कॅरोटिड आर्टरी तर नाहीच. ती कूर्चेच्या वरून जाते.

तरीही पेनाच्या टोकाने बूच फोडून ही आर्टरी दाखवणारी लाल तार खालून सरळ वर ढकललेली मॉडेलं परत येतात. बुचासोबत पेट्रस हाडाचं (टेंपोरल हाडाच्या आतल्या भागाचं) टोकही उडतं. ते चिकटवून पक्कं होईपर्यंत मॉडेल पुढच्या विद्यार्थ्याला देता येत नाही.

तार अशी घाला. कवटी उलटी धरा. स्टायलॉइडच्या (तळातून खाली आलेल्या हाडाच्या सुळक्याच्या) आतल्या बाजूला, जुग्युलर फोरामेनच्या अगदी पुढे जे गोल तोंड दिसतं, तो कॅरोटिड कॅनल. तारेचं टोक सेंटिमीटरभर किंचित वाकवा आणि ते पुढे व मधल्या रेषेकडे राहील असं धरून सरकवा. थोडं वर गेल्यावर तार अडते. कॅनल तिथे जवळजवळ काटकोनात वळतो. जोर लावू नका. बोटांत जराशी फिरवली की तार वळण घेते आणि बुचाच्या वर, कवटीच्या आत निघते. तिथून सेला टर्सिकाच्या (पिट्यूटरी ग्रंथीच्या खोबणीच्या) कडेने पुढे न्या आणि अँटिरियर क्लिनॉइडच्या (पुढच्या हाडाच्या टोकाच्या) आतल्या बाजूने वर वळवा. हे वळण हाताने एकदा केलं की व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) चित्र आठवावं लागत नाही.

जाड लाल तार फक्त कॅरोटिडसाठी. फोरामेन स्पायनोसममध्ये १ मिमीची बारीक तार घाला, ती मिडल मेनिंजियल आर्टरी. स्पायनोसम आणि ओव्हेल यांच्यामधली भिंत पातळ असते. जाड तार रेटली तर दोन्हींचं एकच भोक होतं. ओव्हेलमधून पिवळी तार: मँडिब्युलर नर्व्ह (खालच्या जबड्याचा). मॅक्सिलरीची (वरच्या जबड्याच्या नर्व्हची) तार त्याच्या पुढच्या रोटंडममधून.

बाराव्या क्रेनियल नर्व्हची (मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांतल्या शेवटच्या नर्व्हची) तार पुष्कळजण जुग्युलर फोरामेनमध्ये कोंबतात. तिथून ९, १० आणि ११ जातात. बाराव्याला ऑक्सिपिटल काँडाइलच्या वर स्वतःचा हायपोग्लॉसल कॅनल आहे.

फेशियल नर्व्हची तार आरपार जात नाही, हीही नेहमीची तक्रार. तिच्या वाटेची दोन तोंडं: आत इंटर्नल अकूस्टिक मिएटस, बाहेर स्टायलोमॅस्टॉइड फोरामेन. मधली वाट दोनदा वळते आणि साध्या मॉडेलमध्ये ती कोरलेली नसते. दोन्हीकडे तारेचा आखूड तुकडा ठेवा, पुरतं. मधला प्रवास पाहायचाच असेल तर टेंपोरल हाड उघडं केलेलं मॉडेल आमच्याकडे आहे. भाडं जास्त आहे, पण चौघांनी मिळून नेलं तर परवडतं.

मेंदूच्या तळाचं मॉडेल नेणाऱ्यांसाठी: पोस्टिरियर कम्युनिकेटिंग आर्टरी इंटर्नल कॅरोटिडला पोस्टिरियर सेरेब्रलशी जोडते, मिडल सेरेब्रलला नाही. एका बाजूची बारीक दिसते म्हणून परत आणू नका. विलिसचं वर्तुळ (मेंदूच्या तळाशी या आर्टऱ्यांचं कडं) पुस्तकातल्यासारखं सारखं-सुबक बऱ्याच माणसांत नसतंच. तिसरा नर्व्ह पोस्टिरियर सेरेब्रल आणि सुपिरियर सेरेबेलर यांच्यामधून बाहेर पडतो. ती पिवळी पट्टी ओढून पाहू नका, चिकटवलेली आहे.

अनामतीवरून कधीमधी कुरबुर होते, म्हणून सांगतो. बूच फाटलं तर नवं फुकट बसवतो. हाड तुटलं तर मात्र कापतो, मग ते “आधीपासूनच होतं” असं तुम्ही म्हटलं तरी. म्हणून मॉडेल नेताना आमच्यासमोर उलटं करून तळ पाहून घ्या.

मे महिन्यात गोव्यातल्या बांबोळीच्या पार्किंगमध्ये बंद गाडीत मॉडेल ठेवलं की प्लॅस्टिक मऊ पडतं आणि जबडा बसेनासा होतो. पावसाळ्यात पेटी घट्ट बंद ठेवली तर जबड्याच्या स्प्रिंगा गंजतात. सिलिका जेलची पुडी आत असते, ती फेकू नका. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीसाठी घरी न्यायचं असेल तर आधी सांगून ठेवा, त्या आठवड्यात सगळेच मागतात.