थंड पाणी लागले की दातात कळ का जाते?

थंड सरबत प्यायल्यावर कळ नेमकी कुठे आली हे विचारले, तर बहुतेक लोक हिरडीच्या कडेवर बोट ठेवतात. जागा बरोबर असते, पण दुखते ती हिरडी नव्हे. हिरडी मागे सरकून उघडे पडलेले दाताचे मूळ दुखत असते.

दाताच्या वरच्या कठीण आवरणाला, म्हणजे इनॅमलला, संवेदना नसते. मुळावर मात्र इनॅमल नसतेच. तिथले पातळ आवरण लवकर झिजते आणि त्याखालचा थर, म्हणजे डेंटिन, उघडा पडतो. डेंटिनमध्ये एक-दोन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंदीच्या असंख्य नलिका असतात, त्यांत द्रव असतो. थंड लागताच हा द्रव झटक्यात बाहेरच्या दिशेने सरकतो आणि आतल्या टोकाशी असलेल्या चेतातंतूंना ताण बसतो. स्वीडनचे दंतसंशोधक मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात प्रयोगांनी हे मांडले. नलिकेची रुंदी दुप्पट झाली, तर तितक्याच दाबाखाली प्रवाह सोळा पट होतो. म्हणून थोडीशी झीजही फार जाणवते.

झीज बहुधा आपल्याच हातून होते. कडक ब्रश आडवा रगडणे, मशेरी किंवा कोळशाची पूड घासणे यांनी दाताच्या मानेशी खाच पडते. मशेरीतल्या तंबाखूने हिरडीचेही नुकसान होते. लिंबू, चिंच, कोला यांच्या आम्लाने पृष्ठभाग काही वेळ मऊ पडतो. त्यामुळे आंबट खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी, ब्रश अर्ध्या तासाने करावा.

पाच टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट चेतातंतू शांत करते, स्टॅनस फ्लोराइड किंवा आर्जिनिनची पेस्ट नलिकांची तोंडे बुजवते. मऊ ब्रशने दिवसातून दोनदा वापरावी, नंतर फक्त थुंकावे, खळखळून चूळ भरू नये. फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात. बरेच जण आठवड्यातच कंटाळून सोडून देतात, हे फार वाईट. खाच खोल असेल तर दंतवैद्य ती कॉम्पोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरावाने, भरतात.

थंड बाजूला केल्यावर कळ काही सेकंदांत थांबली पाहिजे. ती अर्धा मिनिट रेंगाळत असेल, गरम चहाने ठणका लागत असेल किंवा रात्री झोपमोड होत असेल, तर आतली नस सुजलेली असण्याची शक्यता मोठी. तिथे पेस्ट वापरत बसणे म्हणजे वेळ घालवणे. चावतानाच कळ येत असेल, तर दाताला चीर गेली आहे का ते तपासून घ्यावे.

स्केलिंगनंतर, म्हणजे दातांवर साचलेला कठीण थर (कीटण) काढल्यावर, काही दिवस दात शिवशिवतात, कारण कीटणाखाली झाकलेले मूळ उघडे होते. स्केलिंगने दात सैल होतात ही भीती मात्र खोटी. सैल करते ते हिरडीखाली साचत राहिलेले कीटण.